मिटलेला विषय

दिघी बंदराच्या वर, डोंगराच्या पोटात आमची वाडी आहे. भाताची शेती, काजूची थोडी झाडं आणि प्रत्येक घरातला एक तरी माणूस मुंबईत. या वाडीत भांडण झालं की पोलिसांत जायची पद्धत नव्हती. दादूबाबांकडे जायची पद्धत होती.

दादूबाबा गावकीचे अध्यक्ष होते. गावकी म्हणजे वाडीतल्या सगळ्या घरांची मिळून बसणारी सभा. बाबा अंगानं बुटके, चष्म्याला काळी दोरी, आणि आवाज इतका हळू की ऐकायचं असेल तर भांडणाऱ्यांना आपसूक गप्प बसावं लागे. त्यांची रीत ठरलेली होती. दोन्ही बाजूंनी एकेकदा बोलायचं. मनात असेल ते सगळं बोलायचं, मग त्यात अख्खी दुपार गेली तरी चालेल. मध्ये कुणी तोंड घालायचं नाही. मग बाबा निवाडा द्यायचे. शेवटी देवीसमोर नारळ ठेवला जायचा, त्याच्यावर दोघांनी हात ठेवायचा आणि बाबा म्हणायचे, "आजपासून विषय मिटला. जो कोन उकरून काढंल त्याच्या घरी गावकी पान्याला जानार न्हाय, मयताला बी न्हाय." नारळ फोडून त्याच खोबऱ्याचा तुकडा दोघांनी खायचा. संपलं.

आणि खरंच संपायचं. रंगू आणि येसूबाई या दोघी जावा. फणसाच्या झाडावरून त्यांनी एकमेकींच्या झिंज्या उपटल्या होत्या. बाबांनी मिटवलं. पुढे कितीतरी वर्षांनी विहिरीवर रंगूला कशाचा तरी राग आला आणि ती म्हणाली, "त्या फणसाच्या टायमाला पन तू अशीच..."

"उघडतंस काय गो?" येसूबाईनं कळशी खाली ठेवून विचारलं.

रंगूनं पदर तोंडावर धरला. "न्हाय गो बाय. जीभ घसारली." दोघी हसत सुटल्या.

भिंतीला भिंत लागलेल्या घरांमध्ये माणसं अशीच राहू शकतात. दादूबाबांना हे शाळा-कॉलेज न करता कळलं होतं. त्यांच्या काळात वाडीतला एकही तंटा पोलीस ठाण्याची पायरी चढला नाही, आणि मुंबईत राहणाऱ्या वाडीकरांच्या मंडळाच्या सभेत दरवर्षी हे सांगितलं जाई तेव्हा टाळ्या पडत. बाबा मान खाली घालून त्या ऐकत. त्यांच्याकडे अभिमान धरावा असं दुसरं फार काही नव्हतं. शेत थोडं, घर कौलारू, मुलगा राहुल नालासोपाऱ्यात भाड्याच्या खोलीत.

राहुलचा मुलगा स्वराज लॉकडाऊनमध्ये वाडीत आला आणि इथेच राहिला. तिकडची खोली लहान, आई-बाप दोघंही कामाला. इथे आजी होती, आजा होता, अंगण होतं. स्वराज अंगानं थोराड, चालायला संथ, बोलायला त्याहून संथ. बायजाआजीच्या मागे मागे असायचा. ती भाकऱ्या थापायची तेव्हा हा चुलीशी बसून लाकडं सारायचा आणि तिला विचारायचा, "आजी, म्हशीला पोहता कसं येतं? तिला शिकवतं कोण?" बायजाआजी म्हणायची, "तुझा आजा शिकवतो. जा, इचार त्येला." आजा शेतावरून आला की त्याच्या चष्म्याची काच शर्टाच्या टोकानं पुसायचं काम स्वराजचं. ते त्यानं स्वतःच घेतलं होतं.

आठवीपासून तो खालच्या गावातल्या हायस्कूलला जाऊ लागला.

त्याच सुमारास शाळांसाठी वरून पत्रकं येऊ लागली होती. मुलांच्या सुरक्षेसाठी प्रत्येक शाळेत समिती हवी, तक्रारपेटी हवी, कॅमेरे हवेत, मुलांच्या मनाचं बघणारं कुणीतरी हवं. कॅमेरे आले. एक फाटकाला लागला, एक ऑफिसात. तक्रारपेटी मुख्याध्यापकांच्या दाराशीच टांगली गेली, म्हणजे तिच्यात चिठ्ठी टाकणारा सरांना खुर्चीतून दिसेल अशी. भिंतीवर मोफत समुपदेशनाचा फोन नंबर ठळक निळ्या रंगात लिहिला. शाळेत मोबाईलला बंदी होती आणि शाळेबाहेर रेंज नव्हती. तरी नंबर छान दिसायचा.

समितीवर गावातला एक जाणता माणूस घ्यायचा होता. सर थेट दादूबाबांकडे आले. "बाबा, तुमच्याशिवाय कोण?" बाबांनी त्या दिवशी धुतलेला सदरा घातला.

आणि मैत्री आली. ती खाडीपलीकडची, मुरूडकडच्या एका बौद्ध वाडीतली. तिचे वडील शिक्षक होते. मानसशास्त्र शिकून ती जिल्हा रुग्णालयाच्या मानसिक आरोग्य कार्यक्रमात कंत्राटी समुपदेशक झाली होती. आगरदांड्याहून फेरीबोटीनं दिघीला उतरायची, मिळेल त्या रिक्षानं शाळेत यायची. महिन्यातून एकदा. बाकीचे दिवस दुसऱ्या शाळा. ती मुलांना मैदानात गोल बसवायची आणि सांगायची, "पोटात दुखलं तर आपण सांगतो ना? मनात दुखलं तरी सांगायचं. एकदा सांगून कुणी ऐकलं नाही तर पुन्हा सांगायचं. तिसऱ्यांदाही सांगायचं."

समितीच्या पहिल्या बैठकीत बाबांनी तिला म्हटलं होतं, "पोरी, तुझा काम चांगला हाय. पन येकच गोष्ट तीन-तीनदा सांगून जखम चिघळते. येकदा नीट बोलायचा आनि मिटवायचा."

मैत्री हसली. "बाबा, मग माझी नोकरी कशी राहणार?"

"तुला गावकीत घेतो," बाबा म्हणाले, आणि सगळे हसले. दोघांना एकमेकांबद्दल आदर होता. हे नंतरचं समजण्यासाठी लक्षात ठेवावं लागतं.

स्वराज नववीत गेला त्या पावसाळ्यात बायजाआजीला त्याच्या गुडघ्यांवर खरचटलेलं दिसलं. शर्टाची मागची शिवण उसवलेली. एकदा दिसलं, मग पुन्हा दिसलं. "पडलो," तो म्हणायचा. शेवटी तिनं त्याला चुलीशी धरून बसवलं तेव्हा त्यानं एवढंच सांगितलं की विपुल आणि त्याची पोरं त्रास देतात. विपुल त्याच्याच वर्गातला, खालच्या गावातला. बाप दिघीला बोटीवर कामाला, आई सुचिता मच्छी घेऊन वाड्यावाड्यांना फिरायची. आमच्या वाडीतही यायची.

बाबा शाळेत गेले. सरांनी विपुलला आणि त्याच्या बापाला बोलावलं. सगळे ऑफिसात बसले आणि बाबांनी आपल्या रीतीनं सुरुवात केली.

पण त्या दिवशी रीत पुरी झाली नाही. विपुलच्या बापाला बोटीची वेळ गाठायची होती. सरांना तालुक्याला मीटिंग होती. आणि बाबांना वेगळीच धास्ती होती. पोरगा त्यांचा स्वतःचा होता. आपल्या रक्ताला जास्त वेळ दिला, असं उद्या कुणी म्हणायला नको. म्हणून त्यांनी स्वराजला सगळ्यात कमी वेळ दिला. जन्मात कुणाला दिला नसेल इतका कमी.

"बोल. काय करतात?"

स्वराज जमिनीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मला फेरीबोट म्हणतात."

विपुलच्या बापाला हसू आलं. त्यानं ते खोकल्यात लपवलं. सरही हसले. बाबांना हायसं वाटलं. म्हणजे नाव ठेवण्याचाच प्रकार होता.

"आनि?"

स्वराजनं तोंड उघडलं. तो संथ बोलायचा. शब्द यायला त्याला वेळ लागायचा, आणि हे बाबांपेक्षा कुणाला जास्त ठाऊक नव्हतं.

"झाला ना बोलून?" बाबांनी विचारलं.

त्यानं मान हलवली. होय की नाही, ते कुणी नीट बघितलं नाही.

सरस्वतीच्या तसबिरीसमोर नारळ ठेवला गेला. दोन्ही मुलांनी हात ठेवला. बाबांनी तेच शब्द उच्चारले. शिपायानं नारळ फोडला, मुलांनी खोबरं खाल्लं, विपुलनं उरलेलाही तुकडा खिशात टाकला. सर फार खूष झाले. वर कळवायची गरज उरली नाही.

पुढच्या फेरीला मैत्रीला हे कळलं. तिनं स्वराजला बाजूला घेतलं. त्यानं तिला सांगितलं, "मिटलंय, मॅडम. आजानं मिटवलं. आता बोलायचं नसतं."

"तुला बोलावंसं वाटतं का पण?"

त्यानं दप्तराचा पट्टा ओढून घेतला. मग म्हणाला, "बोललो तर गावकी आमच्या घरी येणार नाही. आजी मेली तरी कोण येणार नाही."

मैत्री त्याच दिवशी डोंगर चढून वाडीत आली. बायजाआजीनं कोरा चहा दिला. मैत्री म्हणाली, "बाबा, मोठ्या माणसांचं मला माहीत नाही. पण मुलांचं एकदा बोलून होत नाही. त्याच्या मनात अजून आहे. तुम्ही त्याला फक्त एवढं सांगा, मॅडमशी बोललं तर चालतं."

बाबा खूप वेळ चष्म्याची दोरी चाळवत राहिले. "येकाला मोकळीक दिली तर उद्या समदेच मागतील. म्हनतील, दादूनं नातवासाठी नारळ ढिला केला."

"म्हणू देत ना."

"तुला म्हनायला सोपा हाय, पोरी. तू उद्या फेरीनं जाशील. मला हितं मरायचं हाय."

मैत्रीनं बायजाआजीकडे बघितलं. ती चुलीकडे तोंड करून बसली होती. मैत्री खाली उतरली. जाताना म्हणाली, "मी पुढल्या वेळी पुन्हा विचारीन." "इचार," बाबा म्हणाले. "चा प्यायला ये."

काही दिवसांनी बाबा दिघीच्या बाजारातून परत येत होते. शाळेच्या कुंपणापाशी थांबून त्यांनी आत पाहिलं. मधली सुट्टी होती. नळाच्या कट्ट्याकडे स्वराज चालला होता आणि त्याच्या पाठीवर विपुल बसला होता. आजूबाजूची पोरं टाळ्या पिटत होती, एक जण तोंडानं भोंगा वाजवत होता. बाबांचा ऊर भरून आला. घरी आल्या आल्या त्यांनी पिशवी खाली ठेवायच्या आधी सांगितलं, "बघितलंस, बायजे? खांद्यावर घेऊन खेळतायत पोरं. मिटवला की असा व्हतो."

ती जी फेरीबोट होती, ती हीच. मुतारीपासून नळापर्यंत. मुतारीला दिघी म्हणायचं, नळाला आगरदांडा. स्वराजला पाणी प्यायचं असेल तर आधी एकाला पाठीवर घेऊन पलीकडे सोडायचं. मग दुसऱ्याला. वाटेत पाठीवरचा कंपासच्या टोकानं टोचायचा, कारण बोट हळू चालतेय. कुणी शिक्षक दिसला की सगळे हसायचे. स्वराजलाही हसावं लागायचं. बोट हसली नाही तर पुन्हा दिघीपासून.

त्या संध्याकाळी तो घरी आला तेव्हा बाबा ओटीवर बसले होते, प्रसन्न. त्यानं दप्तर ठेवलं. त्यांच्या चष्म्याकडे हात नेला नाही. समोर उभा राहिला.

"आजा, तो विपुल..."

बाबांनी हात वर केला. भांडणाऱ्यांना थांबवायचे तसाच, हळू. "बाला. मिटलेला विषय हाय."

"पण आजा, तो..."

"अध्यक्षाच्याच घरातून विषय निघाला तर मी कुनाला तोंड दाखवू?"

हे ते रागानं बोलले नाहीत. प्रेमानं बोलले. स्वराज आत गेला. बायजाआजी सांगते, त्यानंतर त्यानं म्हशीबद्दल किंवा कशाबद्दलही विचारणं बंद केलं.

मैत्रीला पुढल्या वेळी यायला जमलं नाही. तिच्याकडच्या एका दुसऱ्या शाळेत काही घडलं होतं, तिला तिकडे पाठवलं. त्याच आठवड्यात स्वराजनं नळापाशी विपुलला पाठीवरून कट्ट्यावर आपटलं आणि हातातली स्टीलची बाटली त्याच्या तोंडावर मारली. पुन्हा मारली. शिक्षक धावत पोचेपर्यंत तो मारत होता. मुलं म्हणतात, तो ओरडत वगैरे नव्हता.

विपुलला फेरीनं पलीकडे नेलं, तिथून अलिबाग, तिथून मुंबई. त्याचा डावा डोळा गेला.

स्वराजला पोलीस घेऊन गेले. वय लहान म्हणून त्याला जिल्ह्यातल्या दुसऱ्या टोकाच्या निरीक्षणगृहात ठेवलं. वाडीतला पहिला माणूस जो पोलिसांत गेला तो दादूबाबांच्या घरातला.

बाबांना एकच काम येत होतं. ते त्यांनी केलं. नारळ घेऊन खालच्या गावात विपुलच्या दारात गेले. सुचिता इस्पितळातून कपडे न्यायला आली होती. तिनं नारळ पाहिला.

"ह्यो घेऊन काय करू, दादूबाबा? माझ्या पोराच्या खोबनीत बसवू?"

बाबांनी नारळ पिशवीत परत ठेवला.

"माझा पोर गुनाचा न्हाय, ठावं हाय मला," ती म्हणाली आणि तिचा आवाज फुटला. "पन कोन सांगायला तरी यायचं! मी तुमच्या दारात येते ना पाटी घेऊन? येकदा सांगायचं, सुचिते, तुझा पोर माझ्या पोरावर चढतो. मी त्याचं तंगडं मोडलं असतं. डोला तरी ऱ्हायला असता."

तेव्हा बाबांना फेरीबोटीचा अर्थ कळला. त्या दारात, सुचिताच्या तोंडून. तिला तो इस्पितळात विपुलनंच रडत रडत सांगितला होता.

बाल न्याय मंडळापुढे स्वराजला विचारलं गेलं, का मारलंस? तो बोलला नाही. पुन्हा पुन्हा विचारलं. शाळेनं लिहून दिलं होतं की पूर्वी किरकोळ वाद होता, तो आपसात मिटला होता. वर्गातल्या मुलांनी सांगितलं, आम्ही खेळत होतो. सुचितानं ऐकलेलं कुणी विचारलं नव्हतं, आणि डोळा गेलेल्या पोराच्या आईला ते सांगायला या म्हणण्याचा धीर कुणाला नव्हता. बाबांनी सांगितलं असतं तर ते आजाचं, तेही ऐकीव ठरलं असतं. कागदावर एक मोठं अंगाचं, काही कारण नसताना मारणारं पोर उरलं.

मैत्री परवानगी काढून त्याला भेटली आणि तिथून सरळ वाडीत आली. या वेळी ती चहाला थांबली नाही. अंगणातच उभी राहून म्हणाली, "तो माझ्याशीही बोलत नाही, बाबा. आजाला त्रास होईल म्हणतो. तो बोलला नाही तर त्याचं कारण बाल न्याय मंडळाला कळणारच नाही. गप्प राहिलेलं मूल आणि निर्ढावलेलं मूल बाहेरून सारखंच दिसतं."

"मी काय करू?"

"नारळ सोडवा."

नारळ सोडवायची रीतच नव्हती. कुणी कधी सोडवला नव्हता. बाबांनी देवळात गावकी बोलावली. डोंगरावर देवळापाशी रेंज मिळायची, म्हणून मुंबईचं मंडळ फोनच्या स्पीकरवर होतं. बाबा उभे राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं बोलले.

"माझा न्याय चुकला. पोराला मी बोलूच दिला न्हाय आनि नारळ ठेवला. तो नारळ खोटा. मी तो सोडवतो. स्वराजनं कुनाशीही बोलावं."

 मग फोनमधून मुंबईचा एक जण म्हणाला, "बाबा, मग आमचे जुने विषय पण उघडायचे काय? आमच्या वेळचं शेताच्या बांधाचं भांडण?"

"तू गप रं," येसूबाई फोनकडे तोंड करून ओरडली.

पण प्रश्न पडायचा तो पडला होता. लोक एकमेकांकडे बघत होते, आणि त्यातल्या काहींच्या नजरांत जुनी भांडणं जागी झाली होती. बाबांनी ते पाहिलं. अध्यक्षपद सोडतो म्हणाले आणि कुणी आग्रह करायच्या आत देवळाच्या पायऱ्या उतरून गेले.

पुढच्या भेटीच्या दिवशी मैत्री त्यांना निरीक्षणगृहात घेऊन गेली. राहुल येणार होता, त्याला सुट्टी मिळाली नाही. बायजाआजीचे पाय चालत नव्हते. एका खोलीत टेबल होतं, खिडकीला जाळी. स्वराज आला. केस बारीक कापलेले, आणखी उंच झालेला. बाबांकडे बघून त्यानं नमस्कार केला, परक्या माणसाला करतात तसा.

"बाला, मी नारळ सोडवला," बाबा म्हणाले. "गावकीपुढं सांगून सोडवला. आता तुला बोलायला मोकळीक हाय. काय आसंल ते बोल. मी ऐकतो. अख्खा दिवस बसतो."

स्वराज टेबलाकडे बघत राहिला. शब्द यायला त्याला वेळ लागला. बाबांनी या वेळी घाई केली नाही. हात मांडीवर ठेवून ते थांबले.

"आजा," तो म्हणाला.

"बोल बाला."

"तू बाहेर बस."

बाबांनी मैत्रीकडे पाहिलं. मग उठले. बाहेर व्हरांड्यात बाक होता, त्यावर बसले. मैत्रीनं दार लोटून घेतलं.

आधी काहीच ऐकू आलं नाही. मग स्वराजचा आवाज सुरू झाला. शब्द कळत नव्हते, फक्त आवाज. तो थांबायचा, पुन्हा लागायचा, मध्येच फाटायचा आणि परत सुरू व्हायचा. इतका बोलताना बाबांनी त्याला कधीच ऐकलं नव्हतं. व्हरांड्यात ऊन सरकत त्यांच्या पायांवर आलं तरी ते हलले नाहीत. एकदा एक बाई फाईल घेऊन जाता जाता म्हणाली, "बाबा, सावलीत बसा." त्यांनी मान हलवली आणि तिथेच राहिले.

मैत्री बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. ती त्यांच्या शेजारी बसली.

"तो बाल न्याय मंडळापुढे बोलेल," ती म्हणाली. "सगळं सांगेल. मी असेन तिथे."

"चांगला झाला." बाबांनी चष्मा काढला, पण पुसला नाही. "माजं नाव घेतलं काय?"

मैत्री वही पिशवीत ठेवू लागली.

"मी कुंपनातून बघून खूष झालो... त्याला गप करायला मी हात वर केला होता. त्या टायमाचा बोलला काय?"

"बाबा, आत जे बोलणं झालं ते त्याचं आहे. मला ते सांगता येत नाही. तुम्हालाही नाही."

"आनि घरी? घरी येतो म्हनला?"

"सुटल्यावर वडिलांकडे जातो म्हणाला. मुंबईला." ती म्हणाली. "वाडीत नको म्हणाला."

दार उघडलं. शिपाई स्वराजला परत नेत होता. बाबा उठून उभे राहिले. स्वराज त्यांच्या अगदी जवळून गेला, त्याचा चेहरा रडून सुजला होता आणि खांदे मात्र ढिले, एखादं ओझं उतरल्यासारखे. त्यानं मान वळवली नाही. व्हरांड्याच्या टोकाला तो वळला आणि दिसेनासा झाला.

"चला, बाबा," मैत्री म्हणाली. "गाडी चुकेल."

"व्हय," ते म्हणाले, आणि पुन्हा खाली बसले.